रजिस्टर वाचण्याची किंमत

संगणकातले कोणतेही उपकरण, मग ते नेटवर्क कार्ड असो, यूएसबी कंट्रोलर असो की साधा टायमर, प्रोसेसरला दिसते ते रजिस्टरांच्या रूपात. रजिस्टर म्हणजे उपकरणाच्या चिपमधला ८, १६, ३२ किंवा ६४ बिटांचा एक कप्पा. त्यात ठरावीक आकडा लिहिला की उपकरण काम सुरू करते, थांबते किंवा वेग बदलते. त्यातून वाचले की उपकरणाची सद्यस्थिती कळते. हे लिहिणे-वाचणे ऑपरेटिंग सिस्टिमच्या वतीने जो प्रोग्राम करतो, तो डिव्हाइस ड्रायव्हर. लिनक्स कर्नलचा फार मोठा भाग अशा ड्रायव्हरांचाच आहे, आणि एकाच ३२ बिटी रजिस्टरात आकडा लिहिण्यासाठी त्यात एकाहून अधिक फंक्शने उपलब्ध आहेत. वरवर ती सारखीच वाटतात. त्यांतले कोणते कुठे वापरायचे, यावर यंत्राचा वेग अवलंबून असतो आणि अनेकदा त्याचा बिनचूकपणाही.

आजच्या बहुतेक यंत्रांत ही रजिस्टरे मेमरीच्याच पत्त्यांमध्ये बसवलेली असतात. म्हणजे एखाद्या विशिष्ट पत्त्यावर लिहिलेला आकडा रॅममध्ये न जाता थेट उपकरणाकडे जातो. जुन्या पीसीमध्ये आणखी एक वाट होती आणि ती अजूनही आहे. इंटेलच्या प्रोसेसरांत मेमरीपासून वेगळे असे ६५,५३६ पोर्ट असतात आणि त्यांच्यासाठी ‘इन’ आणि ‘आउट’ या स्वतंत्र सूचना आहेत. पहिला सीरियल पोर्ट अशाच पोर्टांवर बसतो. नव्या उपकरणांत मात्र पोर्टांचा वापर मागे पडला आहे.

रजिस्टराला मेमरीसारखा पत्ता असला तरी ते मेमरी नव्हे. रॅममधून एकच आकडा दोनदा वाचला तर दोन्ही वेळी तेच उत्तर येते. स्टेटस रजिस्टर दोनदा वाचले तर दोन वेगळी उत्तरे येऊ शकतात. काही रजिस्टरे तर वाचताक्षणीच शून्य होतात. कंपायलरला यातले काहीच ठाऊक नसते. ‘उपकरण मोकळे होईपर्यंत स्टेटस वाचत राहा’ असा लूप साध्या पॉइंटरने लिहिला, तर कंपायलर एकदाच वाचन करून तोच आकडा कायमचा धरून ठेवू शकतो आणि मग लूप कधीच संपत नाही. सी भाषेतला ‘व्होलटाइल’ हा शब्द लावला की कंपायलरची ही घाई थांबते. पण प्रोसेसरही आपल्या सोयीने वाचन-लेखनाचा क्रम बदलत असतो, आणि त्यावर ‘व्होलटाइल’चा काही इलाज चालत नाही. म्हणूनच ड्रायव्हरात सरसकट ‘व्होलटाइल’ पेरू नका, असे कर्नलच्या दस्तऐवजांत स्पष्ट सांगितलेले आहे. रजिस्टराला हात लावायचा तो त्यासाठीच लिहिलेल्या फंक्शनांतून.

त्यांतली मुख्य जोडी म्हणजे ‘रीडएल’ आणि ‘राइटएल’. शेवटचे ‘एल’ हे अक्षर ३२ बिटांची रुंदी दाखवते. ‘बी’, ‘डब्ल्यू’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे अनुक्रमे ८, १६ आणि ६४ बिटांसाठी आहेत. ही फंक्शने सांगितलेल्या रुंदीचे वाचन किंवा लेखन नेमके एकदाच करतात, त्याचे तुकडे होऊ देत नाहीत. उपकरणाचे रजिस्टर लिटल एंडियन (सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी) क्रमाचे आहे असे धरून, प्रोसेसरचा बाइटक्रम उलटा असेल तर ती आकडा उलटवून घेतात. आणि ती क्रमाची हमी देतात. महागडा भाग हाच.

क्रमाची हमी नेमकी कशाची, हे नीट पाहायला हवे. ‘राइटएल’ने रजिस्टरात लिहिण्याआधी त्याच प्रोसेसरने रॅममध्ये केलेले सगळे लेखन उपकरणाला दिसेल अशा ठिकाणी पोहोचलेले असते. ‘रीडएल’चे वाचन पुरे झाल्याशिवाय त्यापुढचे रॅममधले वाचन सुरू होत नाही. स्पिनलॉक (एका वेळी एकाच प्रोसेसरला पुढे जाऊ देणारे कुलूप) धरून केलेले ‘राइटएल’ हे, तोच लॉक नंतर घेणाऱ्या दुसऱ्या प्रोसेसरच्या ‘राइटएल’आधी उपकरणाकडे पोहोचते. इंटेलच्या प्रोसेसरांवर हे सगळे जवळजवळ फुकट मिळते, कारण रजिस्टरांच्या पत्त्यांवरचे व्यवहार ते मुळातच क्रमाने करतात. तिथे ‘राइटएल’ म्हणजे एक साधी ‘मूव्ह’ सूचना आणि कंपायलरला घातलेली आडकाठी, एवढेच.

एआरएम आणि पॉवरपीसी या कुळांतल्या प्रोसेसरांना क्रम बदलण्याची बरीच मोकळीक असते. तिथे हमी द्यायची तर मेमरी बॅरियर नावाची वेगळी सूचना द्यावी लागते. आधीचे व्यवहार उरकल्याशिवाय पुढचे सुरू करू नकोस, असे ती प्रोसेसरला सांगते. एआरएमच्या सातव्या आवृत्तीपासून उपकरणांशी वाटून घेतलेली मेमरी लिनक्समध्ये कडक क्रमाची न राहता बफर होऊ शकणारी झाली. परिणामी रॅममधले लेखन आणि रजिस्टरातले लेखन यांच्यातला क्रम कुणीच सांभाळत नव्हता. इंटेलवर बिनतक्रार चालणारे ड्रायव्हर एआरएमवर अधूनमधून, आणि कारण सापडणार नाही अशा पद्धतीने, चुकू लागले. त्यामुळे २०१० साली एआरएमच्या ‘रीडएल’ आणि ‘राइटएल’मध्ये बॅरियर घालण्यात आले. बिनचूकपणा आला, पण तो महागात पडला. कॉर्टेक्स ए-९ सारख्या प्रोसेसरांबरोबर बाहेरचा दुसऱ्या पातळीचा कॅशे असे. त्या यंत्रांवर प्रत्येक ‘राइटएल’मागे या कॅशेचे बफरही रिकामे करून घ्यावे लागत, आणि त्यासाठी एक लॉक धरावा लागे. एका रजिस्टरात ३२ बिट लिहिण्यासाठी हा खर्च फारच मोठा होता.

त्यावर उत्तर म्हणून ‘रिलॅक्स्ड’ जोडी रुळली: ‘रीडएल रिलॅक्स्ड’ आणि ‘राइटएल रिलॅक्स्ड’. बाइटक्रम ती पूर्वीसारखाच सांभाळते. एकाच प्रोसेसरने एकाच उपकरणाशी केलेल्या व्यवहारांचा आपापसातला क्रमही टिकतो. सोडून दिली जाते ती रॅममधल्या व्यवहारांबाबतची, लॉकबाबतची आणि (पुढे येणारी) विलंबाच्या लूपबाबतची हमी. याहून कमी हमीची ‘रॉ’ फंक्शने आहेत. त्यांत बॅरियर नाही आणि बाइटक्रमाची अदलाबदलही नाही. केवळ वेगवान दिसतात म्हणून ड्रायव्हरात ‘रॉ’ वापरणे चूकच आहे. लिटल एंडियन यंत्रावर ‘रिलॅक्स्ड’पेक्षा त्यांचा वेग काही वेगळा नसतो, आणि बिग एंडियन यंत्रावर ड्रायव्हर सरळ मोडतो. २००४ साली आलेली ‘आयओरीड’ आणि ‘आयओराइट’ ही आणखी एक शाखा आहे. पत्ता पोर्टाचा असो की मेमरीचा, ती दोन्ही सांभाळते. इंटेलवर त्यासाठी तिला प्रत्येक वेळी पत्ता तपासावा लागतो. एकच चिप दोन्ही प्रकारे जोडली जाणार असेल तर हा मामुली खर्च सोसण्याजोगा आहे. उपकरण फक्त मेमरीच्या पत्त्यांवरच असणार हे पक्के असेल तर ‘रीडएल’ पुरते.

बॅरियर नेमके काय वाचवतो, हे नेटवर्क कार्डाच्या उदाहरणात जवळून पाहता येते. पॅकेट पाठवायचे असले की ड्रायव्हर रॅममधल्या एका गोलाकार रांगेत डिस्क्रिप्टर नावाची नोंद भरतो. पॅकेट कोणत्या पत्त्यावर आहे, किती बाइटांचे आहे, हे त्या नोंदीत असते. मग कार्डाच्या डोअरबेल रजिस्टरात रांगेचा नवा क्रमांक लिहितो. तो क्रमांक दिसताच कार्ड स्वतःहून रॅममधली नोंद वाचायला जाते. आता डोअरबेलचे लेखन ‘राइटएल रिलॅक्स्ड’ने केले आणि मध्ये बॅरियर घातला नाही, तर प्रोसेसर डोअरबेल आधी पोहोचवू शकतो आणि डिस्क्रिप्टर मागाहून. कार्डाला त्या जागी जुनी नोंद सापडते. मग ते आधीच मोकळ्या झालेल्या पत्त्यावरून बाइट उचलते आणि तारेवर पाठवून देते. ही चूक लाखांतून एखाद्या वेळी होते, प्रयोगशाळेत सापडत नाही आणि लॉगमध्ये तिचा मागमूस राहत नाही. डोअरबेलसाठी साधे ‘राइटएल’ वापरले की ती होऊ शकत नाही.

त्याच कार्डाच्या सुरुवातीच्या मांडणीत मात्र वीस-पंचवीस रजिस्टरे एकामागून एक भरायची असतात: मॅक पत्ता, फिल्टर, रांगांची लांबी, इंटरप्टचे (उपकरणाने प्रोसेसरला दिलेल्या इशाऱ्यांचे) मास्क. यांतल्या कोणत्याही लेखनाचा रॅममधल्या नोंदींशी संबंध नसतो, आणि आपापसातला क्रम तर ‘रिलॅक्स्ड’ही पाळते. अशा ठिकाणी सगळे लेखन ‘रिलॅक्स्ड’ने करून कार्ड चालू करणारे शेवटचे एक लेखन ‘राइटएल’ने करावे. एकच बॅरियर सगळ्यांना पुरतो. तरीही इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. यंत्र चालू होताना एकदाच होणाऱ्या या कामात वाचलेले काही मायक्रोसेकंद कुणाच्या उपयोगाचे? ‘रिलॅक्स्ड’चे खरे स्थान इंटरप्ट हँडलरमध्ये आणि डेटा वाहणाऱ्या लूपमध्ये आहे. तिथे तेच चार-सहा व्यवहार सेकंदाला हजारो वेळा होतात.

बॅरियरने एक गोष्ट होत नाही, आणि ती अनेकांच्या नजरेतून सुटते. ‘राइटएल’ पुरे झाले म्हणजे आकडा उपकरणापर्यंत पोहोचला असे नव्हे. पीसीआय आणि पीसीआय एक्सप्रेस बसवरचे मेमरी-लेखन टपालपेटीत टाकलेल्या पत्रासारखे असते. प्रोसेसर आकडा बसच्या हवाली करून पुढे निघतो आणि वाटेतले ब्रिज तो सवडीने पुढे नेतात. लेखन स्वस्त असते ते यामुळेच. उपकरण रीसेट करताना मात्र यातून घोटाळा होतो. ड्रायव्हर रीसेटचा बिट लावतो, ‘यूडिले’ने दहा मायक्रोसेकंद थांबतो आणि बिट काढतो. पहिले लेखन दहापैकी आठ मायक्रोसेकंद ब्रिजमध्येच अडकून राहिले, तर उपकरणाला रीसेट मिळतो फक्त दोन मायक्रोसेकंदांचा. यावरचा उपाय म्हणजे बिट लावल्यावर त्याच उपकरणातले एखादे रजिस्टर ‘रीडएल’ने वाचणे. वाचनाचे उत्तर उपकरणाकडून परत यावे लागते आणि आधीचे लेखन पुढे ढकलल्याशिवाय ते येऊ शकत नाही. पुढचा विलंब या वाचनानंतरच सुरू होईल, अशी हमी कर्नल देते. ‘रीडएल रिलॅक्स्ड’ ही हमी देत नाही. इंटरप्ट मान्य केल्याचे लेखनही असेच वाटेत रेंगाळले तर हँडलर संपून जातो, तरी इंटरप्टची तार वरच असते. मग कारण नसताना तोच इंटरप्ट पुन्हा येतो.

पण परत वाचून खात्री करण्याची हीच सवय हात लागेल तिथे लावली की ड्रायव्हर मंदावतो, कारण सगळ्यांत महाग असते ते वाचन. लेखन टाकून प्रोसेसर पुढे जाऊ शकतो, वाचनात त्याला उत्तराची वाट पाहत थांबावे लागते. पीसीआय एक्सप्रेसवरच्या उपकरणातले एक रजिस्टर वाचून यायला काहीशे नॅनोसेकंदांपासून मायक्रोसेकंदापर्यंत वेळ जातो. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरासाठी एक मायक्रोसेकंद म्हणजे ३,००० चक्रे. आता सेकंदाला १० गिगाबिट वाहणाऱ्या ईथरनेटचा हिशेब पाहावा. सगळी पॅकेटे किमान आकाराची, ६४ बाइटांची असतील, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटे येतात. एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद येतात. प्रत्येक पॅकेटमागे एक रजिस्टर वाचणारा ड्रायव्हर या वेगाच्या जवळपासही जाऊ शकत नाही, मग ते वाचन ‘रिलॅक्स्ड’ असो की नसो. ड्रायव्हर वेगवान करायचा तर फंक्शनाचे नाव बदलण्याआधी वाचनांची संख्या मोजावी. बहुतेक बचत तिथेच असते.

नेटवर्क कार्डांच्या रचनाकारांनी यावर वाट काढली आहे. पॅकेट पाठवून झाले की कार्ड स्वतःच रॅममधल्या डिस्क्रिप्टरात ‘झाले’ असा बिट लिहिते. ड्रायव्हर तो रॅममधून वाचतो, रजिस्टराला हात लावत नाही. रॅममधले वाचन कॅशेतून होते, त्यामुळे ते कितीतरी स्वस्त पडते. या ठिकाणी पूर्ण बॅरियरही लागत नाही. ‘झाले’चा बिट आणि बाकीची नोंद यांचा क्रम राखायला ‘डीएमए आरएमबी’ आणि ‘डीएमए डब्ल्यूएमबी’ हे हलके बॅरियर पुरतात. लेखनाच्या बाजूलाही अशीच काटकसर आली. २०१४ साली लिनक्सच्या नेटवर्क विभागात एक सोय झाली. मागोमाग आणखी पॅकेटे येत आहेत असे कर्नल ड्रायव्हरला सांगू लागले. मग ड्रायव्हर प्रत्येक पॅकेटसाठी डोअरबेल न लिहिता साऱ्या घोळक्यासाठी एकदाच लिहितो.

वाचन टाळण्याची दुसरी युक्ती हार्डवेअरच्या रचनेतच असते. रास्पबेरी पायच्या पहिल्या आवृत्तीत ब्रॉडकॉमची बीसीएम २८३५ ही चिप होती. तिला ५४ जीपीआयओ पिना आहेत. एखादी पिन चालू करण्यासाठी एक रजिस्टर आहे आणि बंद करण्यासाठी दुसरे. ‘चालू’च्या रजिस्टरात ज्या बिटांवर १ लिहावा तेवढ्याच पिना वर जातात, ० लिहिलेल्या पिना जशा आहेत तशाच राहतात. त्यामुळे आधी जुनी स्थिती वाचा, एक बिट बदला आणि परत लिहा, ही तीन पायऱ्यांची कसरत एका लेखनावर येते. मधल्या काळात दुसऱ्या प्रोसेसरने तेच रजिस्टर बदलले तर काय, हा प्रश्नही उरत नाही, म्हणून लॉकही लागत नाही. अशी सोय नसलेल्या उपकरणात ड्रायव्हरने शेवटी लिहिलेल्या आकड्याची प्रत स्वतःच्या स्मृतीत ठेवावी, म्हणजे दर वेळी उपकरणाला विचारावे लागत नाही. उपकरण स्वतःहून ते रजिस्टर बदलत नसेल तरच हे चालते.

याच चिपच्या माहितीपुस्तिकेत क्रमाबद्दलचा एक इशारा आहे. दोन वेगवेगळ्या अंतर्गत उपकरणांशी केलेले व्यवहार उलटसुलट क्रमाने परत येऊ शकतात, म्हणून एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे वळताना बॅरियर घालावा, असे त्यात बजावलेले आहे. ‘रिलॅक्स्ड’ फंक्शनांची क्रमाची हमी एकाच उपकरणापुरती असते, ती अशाच कारणाने. टायमर थांबवून मग त्याचा इंटरप्ट कंट्रोलरात पुसायचा असेल, तर ही दोन उपकरणे झाली, आणि मधला बॅरियर ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाच घालावा लागतो.

मोठ्या डेटासाठी एकेका आकड्याची फंक्शने लूपमध्ये फिरवण्याचे कारण नाही. एकाच पत्त्यावरच्या फिफोमधून (उपकरणातल्या रांगेतून) सलग शब्द उपसायचे असतील तर ‘रीडएसएल’ आहे. उपकरणातली मेमरी रॅममध्ये उतरवायची असेल तर ‘मेमकॉपी फ्रॉमआयओ’ आहे. ‘रीडएसएल’ बाइटक्रम बदलत नाही आणि ते योग्यच आहे, कारण फिफोमधून येतो तो आकडा नव्हे, बाइटांचा प्रवाह असतो. पडद्याच्या फ्रेमबफरसारख्या जागेसाठी पत्त्यांचे मॅपिंगच ‘राइट कंबाइन’ प्रकारचे करून घेतात. लहान लहान लेखने एकत्र करून ती मोठ्या गठ्ठ्यात पाठवण्याची मुभा त्यातून प्रोसेसरला मिळते. रजिस्टरांसाठी मात्र असे मॅपिंग कधीही करू नये. ३२ बिटी यंत्रावर ६४ बिटी ‘रीडक्यू’ मुळात नसते. दोन अर्ध्यांत वाचावे लागते, आणि कोणता अर्धा आधी वाचायचा हे उपकरणाच्या पुस्तिकेत पाहून ठरवायचे असते. दोन वाचनांच्या मध्ये काउंटर पुढे सरकला तर चुकीचा आकडा हाती येतो.

निवड करताना सर्वांत जास्त फसवते ते चाचणीचे यंत्र. इंटेलवर ‘राइटएल’ आणि ‘राइटएल रिलॅक्स्ड’ यांतून बनणाऱ्या सूचना सारख्याच असतात, फरक पडतो तो कंपायलरच्या मोकळिकीपुरता. म्हणून तिथे मोजमाप केले तर बचत दिसत नाही आणि चूकही दिसत नाही. तेच कार्ड एआरएम प्रोसेसरच्या सर्व्हरात बसवले की दोन्ही समोर येतात. यातली एक गोष्ट काळानुसार सुधारली आहे. काही मोठ्या बहुप्रोसेसर यंत्रांसाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना लॉक सोडण्याआधी ‘एमएमआयओडब्ल्यूबी’ नावाचा वेगळा बॅरियर आठवणीने घालावा लागे, आणि पुष्कळदा तो विसरला जाई. २०१९ साली ही जबाबदारी स्पिनलॉकच्या आतच नेण्यात आली आणि ड्रायव्हरांमधून तो बॅरियर निघून गेला. पुढे ६४ बिटी एआरएमवरही ‘राइटएल’मधला जड बॅरियर काढून हलका बसवला गेला, कारण तोवर एआरएमचे मेमरीविषयक नियम अधिक नेमके आणि कडक झाले होते. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या मोजमापावरून ‘राइटएल’ टाळणाऱ्या ड्रायव्हरांनी आज पुन्हा मोजून पाहायला हवे. नव्या ड्रायव्हरची सुरुवात तर साध्या जोडीनेच व्हावी. मोजून महाग ठरलेली जागाच ‘रिलॅक्स्ड’ करावी, आणि इथे बॅरियर का लागत नाही याची एका ओळीची टीप शेजारी लिहावी. ती टीप लिहिता येत नसेल तर ‘राइटएल’च राहू द्यावे.

आयटूसी आणि एसपीआय यांसारख्या संथ बसवर हा सारा हिशेब बदलतो. तापमापक सेन्सर, बॅटरीचा चार्जर, ध्वनीचा कोडेक ही उपकरणे दोन-चार तारांच्या अशा बसवर बसतात, आणि त्यांची रजिस्टरे मेमरीच्या पत्त्यांवर नसतातच. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर आठ बिटांचे एक रजिस्टर वाचायला चार बाइटांची देवाणघेवाण होते आणि सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात. बॅरियरचे काही नॅनोसेकंद इथे मोजण्याच्या लायकीचेही नाहीत. लिनक्समध्ये या उपकरणांसाठी २०११ पासून ‘रेगमॅप’ नावाची सोय आहे. ती मार्क ब्राउन यांनी आणली. ती रजिस्टरांच्या आकड्यांची प्रत रॅममध्ये ठेवू शकते, वाचन शक्य तिथे त्या प्रतीतून भागवते, आणि बिट बदलायला सांगितला पण तो आधीच तसा असेल तर बसवर लेखनही करत नाही. उपकरण झोपेतून जागे झाले की हीच प्रत वापरून त्याची सगळी रजिस्टरे पूर्ववत भरता येतात. त्यासाठी ड्रायव्हरने एक यादी मात्र काळजीपूर्वक द्यायची असते: कोणती रजिस्टरे हार्डवेअर स्वतःहून बदलते. तापमानाचे रजिस्टर या यादीत घालायचे राहिले, तर रेगमॅप पहिल्या वाचनाचाच आकडा देत राहते आणि चिप कितीही तापली तरी ड्रायव्हरला ते कळत नाही.